पाय सैल झाला, पुढे काय?

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये पाय आखडतात, ताठ होतात, रात्री पेटके येतात. त्यावर बॅक्लोफेन बरं की टिझॅनिडीन, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: स्नायू जास्त सैल करेल ते औषध श्रेष्ठ. हे मत उगाच रूढ झालेलं नाही. त्रास ताठरपणाचा आहे, मग तो किती उतरला हे डॉक्टरने स्वतःच्या हाताने तपासून ठरवावं, यात वावगं काय?

वावगं आहे ते मोजण्याच्या रीतीत. १९६४ साली ब्रायन ॲशवर्थ यांनी याच आजारात कॅरिसोप्रोडॉलची चाचणी घेताना शून्य ते चार अशी श्रेणी वापरली. रुग्णाने पाय सैल सोडायचा, तपासणाऱ्याने तो वाकवून कितपत अडतो ते बघायचं. पण तोच रुग्ण सकाळी पलंगाची कड धरून उठतो, तेव्हा ताठरपणाखाली दडलेला अशक्तपणा पुढे येतो. मांडीत जोर नसतो. ती ताठ असते म्हणूनच गुडघा खांबासारखा उभा राहतो. डोस वाढवला, श्रेणी तीनवरून एकवर आली, आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी गुडघा मुडपला, तर त्या औषधाला सरस कसं म्हणायचं?

बरं, या मोजपट्टीने तरी निकाल लागला का? २००३ च्या कॉक्रेन समीक्षेत, औषधाला औषध भिडवून ॲशवर्थ श्रेणीने मोजणारे सात अभ्यास होते. एकातही संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा फरक निघाला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधली गांजाच्या अर्काची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ६३० रुग्णांच्या नोंदींत ॲशवर्थची श्रेणी हलली नाही, पण ताठरपणा कमी झाला असं औषध घेणाऱ्यांपैकी साठेक टक्क्यांनी सांगितलं. औषध नसलेली कॅप्सूल मिळालेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं.

यावर आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: आपल्याला खरं औषध मिळालंय हे अनेकांनी ओळखलं होतं, मग त्यांच्या शब्दावर कितपत विसंबायचं? पूर्ण विसंबू नये, हे मलाही मान्य. पण म्हणून रुग्णाला गप्प बसवून त्याच्या पायालाच विचारायचं, हेही मला पटत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं मधला मार्ग काढला: गांजाजन्य स्प्रे चार आठवडे द्यावा आणि रुग्णाने स्वतः दिलेल्या शून्य ते दहा गुणांत किमान २० टक्के फरक पडला तरच पुढे चालू ठेवावा.

गोळ्यांची तुलनाही अशीच, माणूस आणि वेळ बघून व्हायला हवी. टिझॅनिडीनचा अंमल काही तासांचाच आणि झोप आणणारा. रात्रीच्या पेटक्यांना तो सोयीचा, पण यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. बॅक्लोफेनने अशक्तपणा जास्त जाणवतो. चालत्या माणसाला सकाळचा डोस जपूनच द्यावा. आणि त्रास होतो म्हणून ते एकदम तोडू नये, भास होतात, झटकेही येतात. ही सूचना चिठ्ठीवर ठळक लिहिलेली असावी, असं मला फार वाटतं.

पूर्वपक्ष खरा ठरतो अशी एक जागा मात्र आहे. ज्याचं चालणं कायमचं थांबलं आहे, त्याला खांबाची गरज उरत नाही. १९८४ साली पेन आणि क्रोइन यांनी बॅक्लोफेन थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडून पाहिलं. पुढे त्यासाठी पोटाच्या कातडीखाली बसवायचा पंप वापरात आला. तिथे पाय सैल होणं हाच लाभ. मांड्या अलग करता येतात, अंग पुसता येतं, आणि कूस बदलताना जवळच्या माणसाला झटापट करावी लागत नाही.