शिकवलेले शब्द कुठे गेले?

संगणक फॉरमॅट करण्याआधी मी प्रश्नपत्रिका, टिपणे, सगळे पेनड्राइव्हवर घेतले होते. तरी एक गोष्ट राहिलीच. उर्दूतून मराठीत आलेले कितीतरी शब्द मी वर्षानुवर्षे 'हा चुकीचा नाही' असे सांगत प्रोग्रामच्या शब्दकोशात भरले होते. ते गेले. दोष माझाच. मी फक्त माझे फोल्डर पाहिले, शब्द तिथे नव्हतेच.

मग होते कुठे? त्याला इतिहास आहे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये प्रोग्राम आपल्या नोंदी 'विन.इनी'सारख्या साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवत. कोणीही उघडून वाचाव्यात अशा. पण एकाच वहीत सगळेच लिहू लागले आणि ६४ किलोबाइटची ती वही अपुरी पडू लागली. १९९५ मध्ये विंडोज ९५ ने 'रजिस्ट्री' हे मोठे दफ्तर पुढे आणले. नोंदी एकत्र आल्या, पण सामान्य माणसाला वाचता येईनात.

पुढे एकाच संगणकावर अनेकजण काम करू लागले, तेव्हा प्रत्येकाच्या नोंदींना वेगळी खोली लागली. विंडोज व्हिस्टापासून तिचे नाव 'ॲपडेटा'. तिच्यातले 'रोमिंग' कार्यालयाच्या नेटवर्कवर माणसामागे दुसऱ्या संगणकावर जाऊ शकते; 'लोकल' त्याच यंत्रावर राहते.

ही खोली मुद्दाम लपवलेली असते, चुकून कोणी पुसू नये म्हणून. पण जे दिसत नाही, त्याची प्रत काढायचेही आपल्याला सुचत नाही. म्हणून मित्रांनो, फॉरमॅट करण्याआधी लपलेले फोल्डर दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि 'ॲपडेटा'ही पाहून घ्या.

मी माझे शब्द पुन्हा भरतो आहे. सुरुवात 'किताब'पासून केली.