महाराष्ट्रातील नगररचना कायद्यातील सुधारणा आणि नगरसेवकांची भूमिका : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नगररचना हा विषय सर्वसाधारणपणे अभियंते, वास्तुविशारद आणि प्रशासक यांच्या अधिकारक्षेत्रातील मानला जातो. साहजिकच या विषयाचा इतिहासही बहुधा आराखड्यांचा आणि अधिकाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. वास्तविक पाहता नकाशावर एखादा भूखंड शाळेसाठी राखून ठेवला जातो किंवा एखाद्या गल्लीचा रुंद रस्ता होतो, तेव्हा कोणाची तरी जमीन जाते आणि कोणाला तरी सोय मिळते. हा निर्णय मूलतः राजकीय स्वरूपाचा असतो. लोकशाहीत अशा निर्णयाचा जाब विचारण्यासाठी नागरिकाला सर्वांत जवळचा लोकप्रतिनिधी म्हणजे त्याचा नगरसेवक होय.

असे असूनही नगररचना कायद्यात नगरसेवकाचे नेमके स्थान काय आणि ते कसे बदलत गेले, या प्रश्नाकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमापासून आजपर्यंतच्या प्रमुख कायदेशीर टप्प्यांचा या दृष्टीने आढावा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) नगररचना कायद्यातील प्रमुख सुधारणांचा कालक्रमाने आढावा घेणे.
२) प्रत्येक टप्प्यावर लोकनियुक्त सदस्यांना मिळालेल्या अधिकारांचे स्वरूप तपासणे.
३) कायद्याची रचना आणि नगरसेवकांचे प्रत्यक्ष वर्तन यांतील संबंध स्पष्ट करणे.

कायद्याने नियोजनाची व्याप्ती जसजशी वाढवली, तसतसा निर्णायक अधिकार सभागृहाकडून शासनाकडे सरकत गेला आणि नगरसेवकाच्या हाती मुख्यतः प्रक्रियेच्या उत्तरार्धातील फेरबदलाचा अधिकार उरला, हे या लेखाचे गृहीतक आहे.

पार्श्वभूमी : महापालिका आणि सुधारणा विश्वस्त मंडळ

१८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाने स्थापन झालेल्या सभागृहात ७२ सदस्य होते. त्यांपैकी ३६ सदस्य करदात्यांनी वॉर्डांतून निवडून द्यावयाचे होते. मर्यादित मताधिकाराची ही व्यवस्था असली तरी फिरोजशहा मेहता यांच्यासारख्या नेत्यांनी या सभागृहाला सार्वजनिक जीवनात मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे आणि चर्चेचा व मंजुरीचा अधिकार सभागृहाकडे, ही विभागणी तेव्हापासून कायम राहिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्त्या मोकळ्या करणे, रुंद रस्ते काढणे आणि नव्या वसाहती उभारणे ही कामे तातडीची ठरली. ब्रिटिश सरकारने ती महापालिकेकडे न सोपवता १८९८ च्या कायद्याने मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन केले. या मंडळात महापालिकेने निवडून पाठविलेले सदस्य अल्पसंख्य होते. दादर-माटुंगा परिसरातील आखीव वसाहती हे मंडळाचे मोठे कार्य होय; पण रस्ते आणि वसाहतींसाठी ज्यांची घरे पाडली गेली, त्यांना जाब विचारण्यासाठी प्रतिनिधी उरला नाही. १९३३ मध्ये हे मंडळ महापालिकेत विलीन झाले. तथापि, नियोजनाचे महत्त्वाचे काम निवडून आलेल्या सभागृहाबाहेर स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावे, हा विचार मात्र विलीन झाला नाही. पुढील इतिहासात तो पुन्हापुन्हा डोके वर काढताना दिसतो.

१९१५ चा अधिनियम : सभागृहाचा पुढाकार

इंग्लंडमधील १९०९ च्या गृहनिर्माण व नगररचना कायद्याचा आदर्श समोर ठेवून मुंबई इलाख्यात १९१५ चा नगररचना अधिनियम करण्यात आला. ब्रिटिश हिंदुस्थानातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा होता. त्यातील नगररचना योजनेचे सूत्र असे होते : अनेक मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र घ्यावयाच्या, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा वगळावयाच्या, उरलेल्या जमिनीचे नीट आखलेले भूखंड मूळ मालकांना परत द्यावयाचे आणि वाढलेल्या मूल्याचा काही हिस्सा खर्चापोटी वसूल करावयाचा.

अशी योजना करण्याचा इरादा स्थानिक संस्थेने ठरावाद्वारे जाहीर करावयाचा होता. सरकारची मंजुरी आवश्यक होती आणि भूखंडांची अंतिम वाटणी सरकारनियुक्त लवाद करीत असे. तरीही आरंभ सभागृहातून होत असे, ही बाब महत्त्वाची आहे. अहमदाबादमध्ये वल्लभभाई पटेल १९१७ मध्ये नगरपालिकेवर निवडून आले आणि १९२४ ते १९२८ या काळात तिचे अध्यक्ष होते. साबरमतीच्या पश्चिमेकडील एलिसब्रिज भागाचा नियोजनबद्ध विस्तार ज्या काळात आकाराला आला, त्या काळात नगरपालिकेचे सभागृह हेच शहराच्या भवितव्याच्या चर्चेचे केंद्र होते.

या अधिनियमाची मर्यादाही स्पष्ट होती. तो मुख्यतः शहराच्या कडेच्या, बांधकामाखाली येऊ घातलेल्या जमिनींना लागू होता. जुन्या, दाट शहरासाठी त्यात फारसे काही नव्हते.

१९५४ आणि १९६६ : व्याप्तीचा विस्तार, अधिकाराचे स्थलांतर

स्वातंत्र्यानंतर संपूर्ण शहराचा एकत्रित विचार करण्याची गरज भासू लागली. १९४८ मध्ये ना. वि. मोडक आणि अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या विकासाची रूपरेषा मांडली. १९५४ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने स्थानिक संस्थांना संपूर्ण क्षेत्राची विकास योजना तयार करणे बंधनकारक केले. हा कायदा १ एप्रिल १९५७ पासून अमलात आला. मुंबईच्या पहिल्या विकास योजनेचा मसुदा १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९६७ मध्ये ती मंजूर झाली.

त्यानंतर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ करण्यात आला. तो ११ जानेवारी १९६७ पासून लागू झाला. प्रादेशिक योजना, विकास योजना, नगररचना योजना आणि नवीन नगरांची उभारणी हे सर्व विषय एका कायद्यात आले. या अधिनियमातील विकास योजनेची प्रक्रिया नगरसेवकाच्या दृष्टीने पाहिल्यास पुढील चित्र दिसते.

प्रथम नियोजन प्राधिकरण योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते (कलम २३). येथे सभागृहाचा ठराव होतो, पण तो औपचारिक असतो. यानंतर नगररचना अधिकारी विद्यमान जमीन वापराचा नकाशा व प्रारूप आराखडा तयार करतात. या काळात लोकप्रतिनिधीला कायद्याने कोणतीही निश्चित भूमिका दिलेली नाही. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर (कलम २६) हरकती व सूचना मागविल्या जातात. त्यांची सुनावणी करणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात (कलम २८). म्हणजेच पूर्ण समितीत लोकनियुक्त सदस्य अल्पसंख्य ठरतात. समितीच्या अहवालानंतर सभागृह फेरबदल करू शकते व योजना शासनाकडे पाठविली जाते. शासन ती जशीच्या तशी अथवा फेरबदलांसह मंजूर करू शकते (कलम ३१). शासनाने सुचविलेल्या मोठ्या फेरबदलांवर पुन्हा हरकती मागविल्या जातात. परंतु त्या ऐकणारा अधिकारी शासनाने नेमलेला असतो.

या रचनेचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. शहराची घनता किती असावी, मोकळ्या जागांचे प्रमाण काय असावे, वाहतूक कोणत्या दिशेने वाढावी हे मूलभूत प्रश्न प्रारूप तयार होत असतानाच सुटलेले असतात. नगरसेवकापुढे आराखडा येतो तेव्हा त्याच्या हाती ‘हे आरक्षण ठेवा, ते उठवा’ एवढेच उरते. जमिनीची किंमत आरक्षणावर अवलंबून असल्याने सर्वाधिक दबावही नेमका याच टप्प्यावर येतो. आरक्षणे उठविण्याच्या ठरावांबद्दल नगरसेवकांवर झालेले अनेक आरोप निराधार होते असे मुळीच नाही. परंतु कायद्याने ज्याला शहराविषयी विचार करण्याची संधी दिली नाही, केवळ भूखंडाविषयी मत देण्याची संधी दिली, तो प्रतिनिधी भूखंडापुरताच विचार करू लागला, हेही तितकेच खरे आहे.

समांतर प्राधिकरणे

१९७० नंतर सुधारणा विश्वस्त मंडळाचा जुना विचार नव्या रूपात परतला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. १९७४ च्या कायद्याने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण निर्माण झाले आणि वांद्रे-कुर्ला संकुलासाठी त्याला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणालाही पुढे आपल्या योजनांपुरते नियोजन प्राधिकरणाचे अधिकार मिळाले. या संस्थांनी केलेल्या कामाचे मूल्यमापन हा स्वतंत्र विषय आहे. प्रस्तुत संदर्भात एवढे नोंदविणे पुरेसे आहे की, एकाच शहरात अनेक नियोजन प्राधिकरणे निर्माण झाली आणि त्यांच्या हद्दीत नगरसेवकाचे मत सल्ल्याच्या पलीकडे गेले नाही. मतदार मात्र रस्ता, पाणी आणि कचरा यांची तक्रार घेऊन त्याच्याच दारी येत राहिला.

७४ वी घटनादुरुस्ती : अपेक्षा आणि वास्तव

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांमध्ये पहिलाच विषय नगररचनेसह नागरी नियोजन हा आहे. तथापि, अनुच्छेद २४३-डब्ल्यू नुसार हे अधिकार प्रदान करणे राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर अवलंबून आहे. अनुच्छेद २४३-झेडई मध्ये महानगर नियोजन समितीची तरतूद असून तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातील निवडून आलेल्या नगरसेवकांनी व पंचायत अध्यक्षांनी आपल्यातून निवडावयाचे असतात. प्रत्यक्षात महानगरांच्या नियोजनाची सूत्रे शासननियंत्रित प्राधिकरणांकडेच राहिली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची २०१५ मधील स्थापना हे त्याचे उदाहरण होय. स्त्रियांसाठीच्या राखीव जागांमुळे सभागृहाची सामाजिक रचना बदलली, ही या दुरुस्तीची मोठी फलश्रुती आहे. पण नव्याने आलेल्या या सदस्यांना नियोजनात नवा अधिकार मिळाला नाही.

पुणे आणि मुंबई : दोन अनुभव

पुण्याची विकास योजना १९६६ व १९८७ मध्ये मंजूर झाली होती. एरंडवणे येथील प्राथमिक शाळेसाठी आरक्षित भूखंडावर निवासी इमारतीला दिलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये (गिरीश व्यास विरुद्ध महाराष्ट्र राज्य) बेकायदा ठरविली. आरक्षण बदलण्याची कायदेशीर प्रक्रिया डावलता येत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. आरक्षणांना धोका केवळ सभागृहातूनच संभवतो, ही समजूत या प्रकरणाने खोटी ठरविली.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. पुण्याच्या जुन्या हद्दीची सुधारित विकास योजना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर हरकतींचा पाऊस पडला. सभागृहाला मुदतीत निर्णय घेता आला नाही. परिणामी २०१५ मध्ये शासनाने ती ताब्यात घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्यीय समितीकडे सोपविली. जानेवारी २०१७ मध्ये ती मंजूर झाली. मुंबईत २०१५ च्या प्रारूपावर एवढी टीका झाली की शासनाला ते नव्याने करावयास सांगावे लागले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले, महापालिका सभागृहाने २०१७ मध्ये त्यावर निर्णय घेतला आणि २०१८ मध्ये शासनाची मंजुरी मिळाली. मुंबईतील मूळ प्रारूपातील चुका नागरिकांनी, संस्थांनी व लोकप्रतिनिधींनी दाखविल्या. ज्यांना आपला परिसर पायाखालचा ठाऊक आहे, त्यांना आरंभी विचारले असते तर यांतील अनेक चुका नकाशावर उतरल्याच नसत्या.

पुढील काळात तर सभागृहच उरले नाही. २०२२ मध्ये राज्यातील बहुतांश महापालिकांच्या मुदती संपल्या आणि प्रशासकांची राजवट सुरू झाली. पिंपरी-चिंचवडची सुधारित प्रारूप विकास योजना २०२५ मध्ये याच काळात प्रसिद्ध झाली. ज्याच्या घरावरून रस्ता आखला गेला, त्याला हरकत नोंदविता आली. पण आपल्या वतीने सभागृहात उभा राहणारा सदस्य मिळाला नाही. एका शतकाच्या प्रक्रियेचे हे टोक होय.

निष्कर्ष

१) १९१५ ते १९६६ या काळात नियोजनाचा विषय वाढत गेला, परंतु त्या प्रमाणात नगरसेवकाचा अधिकार वाढला नाही.
२) १९६६ च्या अधिनियमाने लोकप्रतिनिधीला प्रक्रियेच्या उत्तरार्धात स्थान दिले. त्यामुळे त्याची भूमिका धोरणाऐवजी आरक्षणांपुरती आकुंचित झाली.
३) ७४ व्या घटनादुरुस्तीने नियोजनाला स्थानिक विषय मानले, मात्र अधिकारांचे हस्तांतरण राज्याच्या इच्छेवर सोडले.
४) सभागृहाचा विलंब आणि हितसंबंध हे दोष खरे आहेत, पण अधिकार काढून घेतल्याने ते दोष नाहीसे न होता दृष्टिआड होतात, असे एरंडवण्याचे उदाहरण दर्शविते.

समारोप

नगररचना कायद्याच्या भावी सुधारणेत मुदती कमी करणे आणि परवानग्या सुलभ करणे यांवर भर देण्याची प्रवृत्ती दिसते. त्याबरोबरच विद्यमान जमीन वापराच्या सर्वेक्षणात प्रभाग समित्यांचा सहभाग बंधनकारक करणे, प्रारूपाची मूलभूत उद्दिष्टे सभागृहात आधी मंजूर करून घेणे आणि आरक्षण बदलणाऱ्या प्रत्येक ठरावाची कारणे लेखी नोंदविणे या तीन तरतुदींचा विचार व्हावा. पहिल्या दोन तरतुदींमुळे नगरसेवकाला आरंभीच बोलता येईल आणि तिसरीमुळे अखेरीस त्याला उत्तर द्यावे लागेल. जमीन कोणाची घ्यावी आणि शाळा कोठे व्हावी, हे ठरविणारा कोणीतरी मतदाराला ओळखता यावा, एवढी अपेक्षा स्थानिक स्वराज्य या संज्ञेतच अंतर्भूत आहे.