कॉन्कॉर्डचा बॉम्बर आणि वेरूळची राणी

आपल्या यवतमाळच्या ग्रुपांवर सध्या एक चित्र फिरतंय. पांढरंशुभ्र कॉन्कॉर्ड, पंखावर आपल्या हवाई दलाचं चक्र, पोटाखाली क्षेपणास्त्र, आणि खाली ओळ, ‘भारताचा लपवलेला इतिहास’. चित्र झकास आहे, पण इतिहास नाही. लढाऊ कॉन्कॉर्ड जगात कोणत्याच हवाई दलाकडे नव्हतं.

त्यात खरं एवढंच की साठच्या दशकात एअर इंडियाने दोन कॉन्कॉर्डसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं, तेही प्रवाशांसाठी. पुढे तो नाद सोडला.

गंमत म्हणजे प्रवास उलटा झाला. कॉन्कॉर्डचं ऑलिंपस इंजिन ब्रिटनच्या व्हल्कन बॉम्बरच्या इंजिनातूनच वाढलेलं. मग कॉन्कॉर्डचा बॉम्बर का नाही केला? हौशी लोक कागदावर करतात, करू द्या, मलाही ती चित्रं आवडतात. पण हिशेब बघा. आवाजाच्या दुप्पट वेग आणि साठ हजार फूट उंची हेच त्याचं बळ. १९६० साली रशियाने अमेरिकेचं यू-२ त्याहूनही उंचावरून क्षेपणास्त्राने पाडलं, तेव्हा उंचीचा भरवसा संपला. त्यात बॉम्ब ठेवायला पोटात जागा नाही, बाहेर टांगले तर हवेचा अडथळा वाढतो, आणि त्या वेगात विमानाचं नाक शंभर अंशांच्या वर तापतं. खाली उतरून हळू उडवावं, तर इंधन पाण्यासारखं जातं.

आता खरी गोष्ट ऐका, ही कुणी फॉरवर्ड करत नाही. प्रवासी विमानाला आपल्याकडे खरोखर वर्दी चढली, पण ते विमान होतं पंख्याचं, चार इंजिनांचं, ताशी पाचेकशे किलोमीटरने जाणारं. लॉकहीडचं सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियाने त्यांना राण्यांची नावं दिली होती. जेट आल्यावर या राण्या जुन्या झाल्या, तेव्हा साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्या हवाई दलाकडे गेल्या, पुण्याच्या सहा नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये. काम काय, तर समुद्रावर टेहळणी. तासन्‌तास हवेत राहायचं आणि खालची जहाजं शोधायची. १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रावर त्यांनी हेच केलं. १९७६ मध्ये ही विमानं नौदलाकडे आली आणि गोव्याहून उडू लागली. म्हणजे ज्या खुर्च्यांवर बसून लोक लंडनला जायचे, त्यांच्या जागी पाळत ठेवणारी माणसं आली.

आजही तेच चालू आहे, भाऊ. नौदलाचं पी-८आय हे पाणबुड्या शोधणारं विमान म्हणजे प्रवासी बोइंग ७३७ चाच भाऊबंद. पहिलं २०१३ मध्ये आलं. टेहळणीला लागतो दम, वेग नाही. माझ्या मते आपल्या पोरांनी शाळेत सांगण्यासारखा विमानांचा इतिहास हा आहे, आणि ‘लपवलेला’ म्हणून ओरडणाऱ्यांना याचा पत्ताच नसतो.

त्यातली एक राणी शाबूत आहे. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे उघड्यावर उभी आहे. एअर इंडियात असताना तिचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळची राणी. सुट्टीत गोव्याला जाल तर समुद्रावरून परतताना तासभर तिकडे वळा.