सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स

सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे लंडनमधील वेस्टमिन्स्टर भागात, ट्रफाल्गर चौकाच्या ईशान्य कोपऱ्यावर असलेले चर्च ऑफ इंग्लंडचे म्हणजेच अँग्लिकन पंथाचे पॅरिश चर्च आहे. चर्चची सध्याची इमारत वास्तुविशारद जेम्स गिब्ज यांच्या आराखड्यानुसार १७२२ ते १७२६ या काळात बांधण्यात आली. बेघरांसाठीचे कार्य, संगीतपरंपरा आणि सर्व स्तरांतील लोकांना सामावून घेणारे मंडळीजीवन यांसाठी हे चर्च ओळखले जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून 'सदैव उघड्या दाराचे चर्च' ही त्याची ओळख बनली.

हे चर्च चौथ्या शतकातील तूरचे संत मार्टिन यांच्या नावाने समर्पित आहे. रोमन सैन्यात असताना मार्टिन यांनी थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, अशी कथा आहे. चर्चच्या सेवाकार्यासंबंधी बोलताना या कथेचा उल्लेख नेहमी होतो.

पॅरिश ही संकल्पना

इंग्लंडचा संपूर्ण भूभाग पॅरिशांमध्ये विभागलेला आहे. पॅरिश म्हणजे केवळ एका चर्चच्या सभासदांचा समूह नव्हे, तर निश्चित सीमा असलेला प्रदेश होय. त्या सीमेत राहणाऱ्या सर्वांची आध्यात्मिक जबाबदारी, ते उपासनेला येत असोत वा नसोत, तेथील धर्मगुरूकडे असते. या धर्मगुरूला व्हिकर किंवा रेक्टर म्हणतात. त्याच्यासोबत दोन चर्चवॉर्डन आणि मंडळीने निवडलेली पॅरिश परिषद कारभार पाहते.

सेंट मार्टिनच्या बाबतीत या संकल्पनेला वेगळे वळण मिळाले. एकोणिसाव्या शतकात ट्रफाल्गर चौक आखला गेला आणि परिसरात शासकीय इमारती, संग्रहालये, नाट्यगृहे व कार्यालये उभी राहिली. त्यामुळे आज चर्चच्या भोवती कायम वास्तव्य करणारी कुटुंबे थोडी आहेत. दारावरून जाणाऱ्यांत मात्र पर्यटक, नोकरदार, स्थलांतरित आणि रस्त्यावर झोपणारे लोक असतात. 'आपल्या पॅरिशमधील माणूस कोण?' या प्रश्नाला या मंडळीने दिलेले उत्तर म्हणजे तिचा विसाव्या शतकातील इतिहास होय.

इतिहास

या जागी दफने फार पूर्वीपासून होत होती. २००६ मध्ये नूतनीकरणासाठी उत्खनन सुरू असताना येथे रोमनकाळाच्या अखेरीची, इ.स. ४१० च्या सुमाराची दगडी शवपेटी सापडली. चर्चचा पहिला ज्ञात उल्लेख १२२२ मधील आहे. त्या वेळी चर्चवरील अधिकारावरून वेस्टमिन्स्टर मठाचे प्रमुख आणि लंडनचे बिशप यांच्यात वाद झाला होता. तेव्हा चर्चभोवती शेते होती. 'शेतातील सेंट मार्टिन' हे नाव त्यावरूनच आले.

राजा आठवा हेन्री याने १५४२ मध्ये चर्चची पुनर्बांधणी केली. प्लेगने बाधित झालेल्या लोकांना व्हाइटहॉल राजवाड्याच्या आवारातून जावे लागू नये, हा त्यामागील हेतू असल्याचे सांगितले जाते. जुनी इमारत मोडकळीस आल्यावर सध्याचे चर्च बांधण्यात आले.

डिक शेपर्ड हे १९१४ मध्ये व्हिकर झाले. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी त्यांनी फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात काही काळ सेवा केली होती. जवळच्या चेरिंग क्रॉस रेल्वे स्थानकावरून सैनिक युद्धभूमीकडे जात आणि तेथेच परतत. त्यांना विसावा मिळावा म्हणून शेपर्ड यांनी चर्चची दारे रात्रंदिवस उघडी ठेवली. युद्ध संपल्यावरही बेघर लोक रात्रीच्या आसऱ्यासाठी येत राहिले. ६ जानेवारी १९२४ रोजी येथील उपासना बीबीसीने रेडिओवरून प्रक्षेपित केली. चर्चमधून थेट प्रक्षेपित झालेली ती पहिली उपासना होती. प्रकृती अस्वास्थ्यामुळे शेपर्ड यांनी १९२६ मध्ये पद सोडले. पुढे ते ब्रिटनमधील शांततावादी चळवळीचे प्रमुख नेते झाले. दुसऱ्या महायुद्धात चर्चच्या तळघराचा उपयोग हवाई हल्ल्यांपासून आश्रयस्थान म्हणून करण्यात आला.

वास्तू

ग्रीक-रोमन मंदिरासारखा स्तंभयुक्त दर्शनी मंडप आणि त्यामागे छतातून वर जाणारा उंच मनोरा, ही गिब्ज यांची रचना त्या काळी वादग्रस्त ठरली. परंतु १७२८ मध्ये त्यांनी आपल्या आराखड्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केल्यानंतर तिचे अनुकरण अमेरिकेत व ब्रिटिश वसाहतींत मोठ्या प्रमाणावर झाले. भारतात कोलकात्याचे सेंट जॉन्स चर्च (१७८७) आणि चेन्नईचे सेंट अँड्र्यूज चर्च (१८२१) यांवर या रचनेचा प्रभाव दिसतो.

पूर्वेकडील मूळ खिडकी दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. इराणमध्ये जन्मलेल्या कलावंत शिराझे हौशियारी आणि वास्तुविशारद पिप हॉर्न यांनी तयार केलेली नवी खिडकी २००८ मध्ये बसविण्यात आली. तिच्या मधोमध तिरपा लंबवर्तुळाकार आकार असून त्याच्या भोवती पोलादी पट्ट्या वाकून क्रूसाचा आभास निर्माण करतात. दर्शनी मंडपात माइक चॅपमन यांचे दगडी शिल्प आहे. न घडविलेल्या ओबडधोबड शिळेवर नवजात अर्भक कोरलेले असून, त्याची नाळ अजून दगडाला जोडलेली आहे.

उपासना

रविवारची मुख्य उपासना म्हणजे प्रभुभोजनाचा विधी होय. यात पापकबुली, शास्त्रवाचन, प्रवचन, मतांगिकार, जगासाठी व आजाऱ्यांसाठी प्रार्थना, परस्परांना शांतीचे अभिवादन आणि शेवटी भाकर व द्राक्षारस यांचे सेवन असा क्रम असतो. अँग्लिकन परंपरेत उपासनेचे शब्द ठरलेले असतात. १६६२ चे 'बुक ऑफ कॉमन प्रेयर' आणि २००० पासून प्रचारात आलेले 'कॉमन वर्शिप' हे त्यांचे दोन मुख्य आधार आहेत. शब्द निश्चित असल्यामुळे वेगवेगळ्या मतांचे लोकही एकत्र प्रार्थना करू शकतात, हे या परंपरेचे वैशिष्ट्य मानले जाते.

आठवड्याच्या इतर दिवशी सकाळची प्रार्थना आणि गायकवृंदासह होणारी संध्याप्रार्थना असते. बुधवारी संध्याकाळी होणाऱ्या अनौपचारिक प्रभुभोजनात संगीत, मौन आणि लहान गटांतील संवाद यांना स्थान असते. १९६० च्या दशकापासून चर्चमध्ये चिनी मंडळीही असून तिची उपासना कँटनीज व मँडरिन भाषांत चालते.

२०१८ मध्ये 'नाझरेथ कम्युनिटी' हा गट सुरू झाला. त्याचे सदस्य मठात न राहता आपापल्या घरी व नोकरीत राहून सात गोष्टींचे पालन करतात: मौन, संस्कार, शास्त्रवाचन, सेवा, आपले इतरांसोबत वाटणे, विश्रामदिन आणि इतरांच्या सोबत टिकून राहणे.

सेवाकार्य

डिसेंबर १९६६ मध्ये बेघरांसाठी काम करणाऱ्या 'शेल्टर' या संस्थेची स्थापना येथेच जाहीर करण्यात आली. चर्चच्या शेजारी 'द कनेक्शन ॲट सेंट मार्टिन्स' हे बेघरांसाठीचे केंद्र चालते. शासकीय मदतीचा हक्क नसलेल्या आश्रयार्थींसाठी रविवारी जेवण, अंघोळ आणि सोबत यांची सोय केली जाते. शेपर्ड यांच्या काळात सुरू झालेले नाताळचे मदत आवाहन आजही बीबीसी रेडिओवरून दरवर्षी केले जाते.

दर नोव्हेंबरमध्ये, त्या वर्षी लंडनमध्ये मृत्यू पावलेल्या बेघर व्यक्तींसाठी स्मृती-उपासना होते. तीत प्रत्येकाचे नाव मोठ्याने वाचले जाते. मृतांना ओळखणारे रस्त्यावरचे सोबती, सेवाकेंद्रांतील कर्मचारी आणि नातेवाईक या वेळी एकत्र येतात. अनेकांच्या बाबतीत, त्यांचे नाव सार्वजनिकरीत्या उच्चारले जाण्याचा हा एकमेव प्रसंग असतो.

समावेशकता आणि तिच्या मर्यादा

सेंट मार्टिन हे २००३ मध्ये स्थापन झालेल्या 'इन्क्लूझिव्ह चर्च' या जाळ्याशी संलग्न आहे. लिंग, वंश, आर्थिक स्थिती, अपंगत्व, मानसिक आरोग्य किंवा लैंगिकता यांवरून कोणालाही मंडळीत दुय्यम ठरवू नये, अशी या जाळ्याची भूमिका आहे. अपंगत्व आणि चर्च या विषयावर येथे दरवर्षी परिषद होते. अपंग व्यक्तींना केवळ मदत घेणारे न मानता, त्यांच्या अनुभवातून मंडळीने शिकावे, हा तिचा गाभा आहे.

तथापि एखाद्या पॅरिशला सर्वच निर्णय स्वतः घेता येत नाहीत. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना १९९४ पासून धर्मगुरुपदाची दीक्षा मिळू लागली, तर पहिल्या स्त्री बिशपची नियुक्ती २०१५ मध्ये झाली. इंग्लंडमध्ये समलिंगी विवाह २०१४ पासून कायदेशीर असले, तरी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ते लावता येत नाहीत. डिसेंबर २०२३ पासून अशा जोडप्यांसाठी नियमित उपासनेत आशीर्वादाच्या प्रार्थना म्हणण्यास परवानगी देण्यात आली. या प्रश्नावर जगभरातील अँग्लिकन चर्चांमध्ये तीव्र मतभेद आहेत. त्यामुळे स्वागताची भूमिका घेणाऱ्या पॅरिशांनाही संपूर्ण चर्चच्या नियमांच्या चौकटीतच काम करावे लागते.

संगीत आणि अर्थव्यवहार

नेव्हिल मॅरिनर यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या 'अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स' या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम १३ नोव्हेंबर १९५९ रोजी याच चर्चमध्ये झाला. आजही येथे दुपारच्या व सायंकाळच्या मैफली नियमित होतात.

१९८० च्या दशकात चर्चने तळघरात उपाहारगृह व दुकान चालवून स्वतःचे उत्पन्न उभे करण्यास सुरुवात केली. २००८ मध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख पौंड खर्चाचे नूतनीकरण पूर्ण झाल्यावर हा व्यवहार वाढला. या पद्धतीचा धोका २०२० मधील कोविड टाळेबंदीत दिसून आला. पर्यटक व मैफली बंद झाल्याने उत्पन्न थांबले आणि कर्मचारी कमी करावे लागले.

२०१२ मध्ये व्हिकर झालेले सॅम वेल्स यांच्या कारकिर्दीत, २०१७ साली, 'हार्टएज' हे चर्चांचे जाळे सुरू झाले. मंडळी, व्यापार, संस्कृती आणि करुणा ही चार अंगे परस्परांना पूरक आहेत, असा विचार ते मांडते. उपासना एका बाजूला आणि समाजकार्य दुसऱ्या बाजूला अशी विभागणी त्यात केलेली नाही. सेंट मार्टिनमध्ये या विचाराचे प्रत्यक्ष रूप एकाच छताखाली दिसते. वर वेदी, खाली उपाहारगृह आणि शेजारी बेघरांचे केंद्र अशी त्याची रचना आहे.