ली ह्वाची पत्रे आणि तर्खडकरांचे धडे

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चिनी बाई एका संध्याकाळी दार वाजवून आत आल्या. बाई इथे ग्योटिंगेनला विद्यापीठात संशोधन करतात. आमचे येणेजाणे जिन्यातल्या नमस्कारापुरते आणि सणावारी एकमेकांच्या घरी बशी पाठवण्यापुरते. त्या दिवशी मात्र त्यांच्यामागे एक सडपातळ मुलगा उभा होता आणि त्याच्या हातात कागदांचा एक भला थोरला गठ्ठा होता. भावाचा मुलगा, शानदोंग प्रांतातल्या जिनान शहरातून तीन आठवड्यांसाठी आलेला. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याची 'गाओकाओ', म्हणजे चीनमधली विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा. "तुम्ही भारतीय, तुमचे इंग्रजी चांगले. रोज तासभर त्याच्याकडून सराव करून घ्याल का?" असे बाईंनी विचारले.

माझे इंग्रजी चांगले हे ऐकून मला मनातल्या मनात हसू आले. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मराठी माध्यमात शिकलेला मी. जुन्या अकरावी मॅट्रिकला ज्या विषयाच्या धास्तीने झोप उडाली होती तो विषय इंग्रजीच. पण नाही म्हणवेना. मुलगा दुसऱ्या दिवसापासून बरोबर पाच वाजता येऊ लागला. तो मला नावाने नव्हे, 'टीचर' म्हणून हाक मारी.

गठ्ठ्यातल्या प्रश्नपत्रिका पाहिल्या आणि थक्क झालो. इंग्रजीला दीडशे गुण. तेवढेच चिनी भाषेला, तेवढेच गणिताला. एकूण साडेसातशे गुणांतला पाचवा हिस्सा एका परक्या भाषेचा. उतारे वाचून चारांतला योग्य पर्याय निवडा, गाळलेल्या जागा भरा, अर्धवट गोष्ट पुरी करा आणि एक पत्र लिहा. पत्र लिहिणाऱ्याचे नाव बहुतेक वेळा ठरलेले: ली ह्वा. हा ली ह्वा म्हणजे प्रश्नपत्रिकेतला काल्पनिक विद्यार्थी. नव्वदच्या दशकापासून चीनमधली मुले त्याच्या नावाने पत्रे लिहीत आली आहेत. परदेशी मित्राला निमंत्रण, शिक्षकाचे आभार, सहलीला येता येत नाही म्हणून दिलगिरी. परीक्षकाला विद्यार्थ्याचे खरे नाव कळू नये म्हणून ही सोय. अशी पत्रे या मुलाला तोंडपाठ होती. व्याकरणाची चूक शोधू म्हटले तर सापडेना. पण "काल काय केलेस?" असे सहज विचारले की मान खाली. चीनमध्ये या प्रकाराला 'मुके इंग्रजी' म्हणतात, असे त्याच्या आत्याने सांगितले.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी इथे विद्यापीठात चिनी सहाध्यायी पाहिले आहेत आणि त्यांच्या या मुकेपणाची थट्टाही केली आहे. मीही केली आहे. पण त्या तीन आठवड्यांत एकेक आठवण वर येऊ लागली आणि थट्टेची लाज वाटू लागली. ली ह्वाची पत्रे म्हणजे आपला हेडमास्तरांना लिहिलेला रजेचा अर्ज नाही तर काय? रेल्वे स्टेशनवरील एक तास, माझा आवडता नेता, पावसाळ्यातील एक दिवस, हे निबंध आपणही पाठच केले होते. आमच्या घरी वडिलांची 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' होती, कोपरे दुमडलेली. धडा वाचायचा, शब्द पाठ करायचे, मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे, इंग्रजीचे मराठी. त्या वाक्यांतली माणसे कुणाशी बोलत होती, कोण जाणे. पण त्याच पुस्तकाच्या आधाराने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या मामलेदार कचेरीत, रेल्वेत, कॉलेजात जाऊन पोचल्या. इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध असे आपण म्हणत आलो. ते बहुतेकांनी वाटीचमच्याने, मोजून मापून, परीक्षेपुरतेच प्यायले.

या गोष्टीची मुळे बघू लागलो तर ती चीन आणि महाराष्ट्र दोन्हींकडे एकाच काळात जातात. परीक्षा घेऊन माणसे निवडायची ही कल्पना मुळात चीनची. सातव्या शतकाच्या आरंभापासून १९०५ पर्यंत, सुमारे तेराशे वर्षे, तिथे सरकारी अधिकारी परीक्षेतून निवडले जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये नोकऱ्या वशिल्याने द्याव्यात की परीक्षेने, असा वाद पेटला तेव्हा चीनचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जाई. शेवटी परीक्षेची बाजू जिंकली आणि १८५५ मध्ये हिंदुस्थानच्या मुलकी सेवेसाठी लंडनला स्पर्धा-परीक्षा सुरू झाल्या. लगेच १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचे हे विद्यापीठ सुरुवातीला शिकवीत नसे, फक्त परीक्षा घेई. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत कोल्हापूरच्या शाळेतून आलेले महादेव गोविंद रानडे होते आणि रत्नागिरीच्या शाळेतून आलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. दोघेही परक्या भाषेच्या परीक्षेतून आत आले.

इकडे चीनला अफूच्या युद्धांत हार पत्करावी लागली, तहांचे मसुदे इंग्रजीत आले आणि दुभाषे हवेत म्हणून १८६२ साली पेकिंगला 'तोंगवेन ग्वान' ही सरकारी भाषाशाळा निघाली. पहिली भाषा इंग्रजी; मग फ्रेंच, रशियन, जर्मन. म्हणजे रानडे-भांडारकर बी.ए. झाले त्याच वर्षी पेकिंगमधले पहिले विद्यार्थी इंग्रजी मुळाक्षरे गिरवीत होते. दोन्हीकडे परक्या सत्तेच्या दडपणाखाली भाषा आली. फरक एवढाच की आपल्याकडे राज्यकर्तेच परके होते आणि चीनमध्ये राज्यकर्ते आपले पण दारात तोफा परक्यांच्या.

पुढची शंभर वर्षे चीनमध्ये उलथापालथीची गेली. १९५० नंतर शाळांतून रशियन भाषा पुढे आली, साठच्या सुमारास पुन्हा इंग्रजीकडे कल झाला आणि १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू होऊन प्रवेश-परीक्षाच बंद पडली. अकरा वर्षांनी, १९७७ च्या डिसेंबरात, ती पुन्हा सुरू झाली. शेतांत, कारखान्यांत पाठवलेली सुमारे ५७ लाख माणसे परीक्षेला बसली आणि जागा मिळाल्या पावणेतीन लाखांच्या आसपास. म्हणजे वीस-एकवीस जणांत एक. त्यानंतर परदेशी भाषेच्या गुणांचे वजन दरसाल वाढत गेले आणि १९८३ पासून ते पुरे धरले जाऊ लागले. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, बीबीसीचा 'फॉलो मी' हा इंग्रजीचा कार्यक्रम चिनी दूरचित्रवाणीवर सुरू झाला. बाईंच्या आईने इंग्रजी त्यावरूनच शिकायला सुरुवात केली होती. त्यांच्या घरात कुणी बोलायचे नाही, वही घेऊन बसायचे, असा दंडक होता म्हणे.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर मी मुलाला विचारले, "ग्योटिंगेन हे नाव तू आधी ऐकले होतेस का?" तो चटकन म्हणाला, "ची श्येनलिन." आणि इथे आपल्या गोष्टीला एक वेगळेच वळण मिळाले.

ची श्येनलिन हे त्याच्याच शानदोंग प्रांतातले. १९११ चा जन्म, शिक्षण जिनानला. १९३० साली पेकिंगच्या दोन्ही नामांकित विद्यापीठांच्या प्रवेश-परीक्षा ते पास झाले. त्यांनी छिंगह्वा निवडले, तिथे पाश्चात्त्य साहित्य शिकले आणि १९३५ मध्ये जर्मन शिष्यवृत्ती मिळवून ग्योटिंगेनला आले. इथे आल्यावर त्यांनी विषय घेतला संस्कृत! वाल्डश्मिट हे त्यांचे गुरू. शिवाय निवृत्त झालेले एमिल झीग यांनीही त्यांना शिकवले. दोन वर्षांसाठी आलेला हा विद्यार्थी महायुद्धामुळे दहा वर्षे अडकला. उपासमार, बाँबहल्ले सोसत त्याने १९४१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. चीनला परतल्यावर पेकिंग विद्यापीठात पौर्वात्य भाषांचा विभाग उभारला. सांस्कृतिक क्रांतीत छळ झाला, पण त्याही दिवसांत त्यांनी वाल्मीकि रामायणाचे चिनी भाषांतर करायला घेतले आणि ते पूर्ण केले. २००८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

आता ग्योटिंगेनला संस्कृतची ही गादी कुणाची? झीग यांच्या आधी ओल्डेनबर्ग आणि त्यांच्या आधी फ्रान्त्स कीलहॉर्न. कीलहॉर्न म्हणजे आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. १८६६ पासून पंधरा वर्षे त्यांनी तिथे संस्कृत शिकवले आणि त्याच वेळी पुण्यातल्या शास्त्र्यांपुढे बसून व्याकरण शिकले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती त्यातून तयार झाली. १८८२ मध्ये ते ग्योटिंगेनला आले; डेक्कन कॉलेजातली त्यांची जागा भांडारकरांना मिळाली. १८८५ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने भांडारकरांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. म्हणजे पुण्याच्या शास्त्र्यांकडून कीलहॉर्नकडे आलेली विद्या ज्या विद्यापीठात रुजली, तिथेच अर्ध्या शतकानंतर जिनानचा एक मुलगा रामायणापर्यंत पोचला. मी हे सारे त्या मुलाला मोडक्यातोडक्या, न पाठ केलेल्या इंग्रजीत सांगितले. त्यानेही पहिल्यांदाच मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारले. त्या दिवशी आमचा तास दोन तास चालला.

वाचकांनी असे समजू नये की मी घोकंपट्टीची आरती ओवाळतो आहे. परीक्षेची भाषा आणि जगण्याची भाषा यांत अंतर पडले की माणसाचे नुकसान होते, हे रानड्यांनाही ठाऊक होते. विद्यापीठाने पदवी-परीक्षांतून देशी भाषा वगळल्या होत्या. इंग्रजीच्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या या माणसाने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मराठीला विद्यापीठाच्या परीक्षांत पुन्हा जागा मिळावी म्हणून खटपट केली. १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीवर निबंध लिहिला, आणि तो लिहिला इंग्रजीत, कारण ज्यांना पटवायचे होते ते इंग्रजीच वाचत. घोकून मिळवलेली भाषा त्यांनी आपल्या भाषेच्या कामी लावली. ची श्येनलिन यांनी परीक्षेसाठी शिकलेल्या परक्या भाषांच्या पुलावरून रामायण चिनी भाषेत नेले. परीक्षा म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर घर बांधता येत नाही, पण तो ओलांडल्याशिवाय आतही जाता येत नाही.

आणि गरिबाच्या मुलासाठी तर हा उंबरठाच बऱ्याच वेळा एकमेव दार असतो. जिनानच्या त्या मुलाचा बाप बसचालक. वशिला नाही, पैसा नाही. दीडशेपैकी एकशे तीस मिळाले तर काय आणि एकशे दहा मिळाले तर काय, हे त्याला पक्के ठाऊक होते. "मुके इंग्रजी" म्हणून हसणारे आपण बोलके इंग्रजी घरात ऐकत वाढलो होतो का? मी तरी नव्हतो.

जर्मनीत हा विषय आज आपल्याही अंगणात आला आहे. २००१ साली जर्मन वकिलातीने पेकिंगला विद्यार्थ्यांची कागदपत्रे तपासणारे कार्यालय उघडले, ज्याला सगळे एपीएस म्हणतात. बनावट प्रमाणपत्रे येऊ लागली म्हणून ही व्यवस्था. चिनी मुलांना कागदपत्रे तपासून घेऊन, मुलाखत देऊन, मगच व्हिसा मागता येई. आपली मंडळी तेव्हा म्हणत, "त्यांना लागते, आपल्याला नाही." १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांनाही एपीएसचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात इथल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४२ हजारांच्या पुढे गेली आणि वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर असलेल्या चीनला आपण मागे टाकले. आता पुण्या-नाशिकची, लातूर-अमरावतीची मुले टोफेल किंवा आयईएलटीएसची पुस्तके पाठ करून, ठरावीक साच्याची निबंधवाक्ये घेऊन उतरतात, आणि इथल्या बेकरीत पाव मागताना मुकी होतात. इंग्रजी परीक्षेपुरते, जर्मन मुळीच नाही. त्यांना हसणारेही आहेत, आणि ते आपल्यातलेच आहेत.

माझे म्हणणे इतकेच. या मुलांच्या पाठांतराला हसू नये. त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ घरी बोलवावे, चहा द्यावा, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याच मार्गदर्शकात नाही असा एखादा प्रश्न विचारावा.

निघायच्या आदल्या दिवशी त्या मुलाने मला विचारले, "टीचर, ली ह्वा इतकी वर्षे पत्रे लिहितो आहे. त्याला कुणी कधी उत्तर पाठवले असेल का?" मला उत्तर सुचले नाही. दोन महिन्यांनी बाईंनी एक पाकीट आणून दिले. आत हाताने लिहिलेले दोन पानी इंग्रजी पत्र. जिनानचे झरे, आजीचे गुडघे, शाळेत रात्री दहापर्यंत चालणारा अभ्यास, आणि मी सांगितलेल्या पुण्याच्या शास्त्र्यांची त्याने वर्गात सांगितलेली गोष्ट. व्याकरणाच्या सात चुका होत्या, सवयीने मोजल्या. खाली ली ह्वाचे नव्हे, त्याचे स्वतःचे नाव होते. चुका न दुरुस्त करता मी त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो. शब्द अडला तेव्हा वडिलांची पाठमाला काढली.