गंजीफ्रॉक, बनियन आणि टी-शर्ट

टी-शर्ट हे अमेरिकेतून आलेले आणि फार तर दोन-तीन पिढ्यांचे वस्त्र आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या कापडाचा तो बनतो त्या कापडाचा, आणि ज्या नावांनी त्याचे पूर्वज भारतात ओळखले गेले त्या नावांचा माग काढला, तर हे कूळ चारशे वर्षांहून जुने असल्याचे आणि त्याच्या एका नावाची पाळेमुळे भारतातच असल्याचे दिसून येते. हा माग काढायला भोपाळसारखे शहर सोयीचे आहे, कारण तेथील मराठी घरांत या वस्त्राची दोन नावे एकत्र नांदत आली आहेत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून बदलून आलेल्या नोकरदारांबरोबर मराठीही तेथील सरकारी वसाहतींत आली. वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘गंजीफ्रॉक’ हा शब्द राहिला, तर चौक बाजारातल्या किंवा न्यू मार्केटमधल्या दुकानात तेच वस्त्र ‘बनियान’ म्हणून मागावे लागले.

यांपैकी ‘गंजीफ्रॉक’ हे ‘गर्न्सी फ्रॉक’ या इंग्रजी जोडशब्दाचे मराठी रूप होय. गर्न्सी हे फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचे एक लहानसे बेट असून तेथे सोळाव्या शतकापासून लोकरीचे मोजे व अंगातले कपडे विणण्याचा धंदा चालत असे. खलाशांच्या अंगात दिसणाऱ्या घट्ट विणीच्या कपड्याला त्या बेटाचे नाव मिळाले, आणि ‘फ्रॉक’ या शब्दाचा अर्थ त्या काळी मुलींचा झगा एवढाच नसून कष्टकऱ्यांचा वरून चढवायचा अंगरखा असाही होता. बंगालीतील ‘गेंजी’ आणि हिंदीतील ‘गंजी’ ही याच शब्दाची भावंडे, तर शेजारच्या जर्सी बेटाने या कापडाला ‘जर्सी’ हे नाव दिले. ‘बनियन’चा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. गुजरातीतील ‘वाणियो’, म्हणजे मराठीतला वाणी, हा शब्द पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील पुरुष घरात जो सैल झगा घालीत त्यालाही हेच नाव पडले, आणि पुढे हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत ते अंगातल्या कपड्याला लागले. 1886 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात व्यापारी आणि अंगवस्त्र हे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. जो शब्द व्यापाऱ्याचे नाव म्हणून परदेशी गेला, तो कपड्याचे नाव होऊन मायदेशी परतला.

या वस्त्राचे वेगळेपण त्याच्या कापडात आहे, आणि ते समजून घेताना मराठीतील एक अडचण आधी लक्षात घ्यावी लागते. मराठीत मागावर साडी विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. क्रियापद एकच असल्याने दोन अगदी निराळ्या रचनांमधला भेद झाकला जातो. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन स्वतंत्र धागे एकमेकांना ओलांडत जातात, आणि म्हणून ते कापड सहसा ताणले जात नाही. गंजीफ्रॉकच्या किंवा टी-शर्टच्या कापडात मात्र एकच धागा फासाफासाने स्वतःतच अडकत जातो, प्रत्येक फास खालच्या फासातून ओवला जातो, आणि हे फास लांबट-रुंदट होऊ शकत असल्याने कापड अंगाबरोबर ताणले जाऊन परत जागेवर येते. टी-शर्टची सुलट बाजू भिंगाखाली धरली तर इंग्रजी ‘व्ही’सारख्या आकारांच्या उभ्या रांगा दिसतात आणि उलट बाजूस अर्धगोलांच्या आडव्या ओळी दिसतात, घरी स्वेटर विणणाऱ्या बायकांचे हेच ते सुलट आणि उलट टाके. गळ्याची पट्टी तर ‘एक सुलट, एक उलट’ याच विणीची असते, आणि त्यामुळेच ती डोक्यावरून जाताना रुंदावते व मानेशी पुन्हा आवळते. स्वेटरच्या मनगटाशी घातलेली वीण आणि टी-शर्टच्या गळ्याची वीण एकच आहे; फरक फक्त सुताच्या जाडीचा आणि यंत्राच्या वेगाचा.

हे यंत्रही जुनेच आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशर परगण्यातल्या विल्यम ली याने 1589 साली मोजे विणण्याची चौकट तयार केली, आणि हातसुईने एकामागून एक घातले जाणारे टाके सबंध ओळीने घालणे त्यामुळे शक्य झाले. 1816 साली मार्क ब्रुनेल याने गोलाकार विणयंत्राचे पेटंट घेतले, तर 1847 साली मॅथ्यू टाउनसेंड याने जिभेची सुई शोधली. या सुईच्या आकड्याला उघडझाप करणारी इवलीशी जीभ असते. सुई वर जाताना जीभ उघडते व नवा धागा आकड्यात येतो, खाली येताना ती मिटते आणि जुना फास तिच्यावरून घसरून पडतो. अशा शेकडो सुया वर्तुळात बसवल्या की यंत्रातून कापडाची अखंड नळी बाहेर पडते. जुन्या टी-शर्टांच्या बगलेखाली पुष्कळदा शिवणच नसते, याचे कारण हेच की त्यांचे धड या नळीचेच बनलेले असते.

अंगातला हा कपडा उघड्यावर आला तो सैन्यामुळे. अमेरिकेच्या नौदलाने 1913 साली आखूड बाह्यांचा, बिनबटणांचा पांढरा सुती कपडा गणवेशाखाली घालण्यासाठी स्वीकारला. पसरून ठेवला असता तो इंग्रजी ‘टी’ या अक्षरासारखा दिसतो, यावरून पडलेले नाव 1920 साली स्कॉट फिट्झजेराल्ड याच्या कादंबरीत छापील स्वरूपात आढळते. 1951 साली ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या चित्रपटात मार्लन ब्रँडोच्या अंगावर तो दिसला आणि आतल्या कपड्याला बाहेरच्या कपड्याचा मान मिळाला. भारतात अशा फासांच्या कापडाचा, म्हणजे विणकापडाचा, धंदा त्याआधीच रुजला होता. कलकत्त्यातील खिदिरपूर येथे 1893 साली विणकापडाचा कारखाना निघाला, 1920 च्या दशकात तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे तो धंदा सुरू झाला, आणि लुधियाना लोकरी मालासाठी प्रसिद्धीस आले. मोजे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून या सगळ्या मालाला ‘होजिअरी’ म्हटले जाते, आणि भोपाळच्या दुकानांवरील पाट्यांवर ‘होज़री’ असे लिहिलेले असते तेव्हा त्यात विल्यम लीच्या मोज्यांचीच आठवण राहिलेली असते.

टी-शर्टवरील चित्राची परंपरा निराळी आहे. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन याने 1907 साली रेशमी जाळीतून छपाई करण्याचे पेटंट घेतले; चौकटीवर ताणलेल्या जाळीचा नको तो भाग बुजवून उरलेल्या छिद्रांतून रबरी पट्टीने रंग दाबणे, ही त्याची रीत. पाण्यात कालवलेला रंग सुतात मुरतो, तर प्लास्टिसोल नावाचा रंग प्लास्टिकचा असून सुमारे 160 अंश सेल्सियस उष्णतेने कापडावर थर होऊन बसतो आणि वर्षांनी त्याला भेगा पडतात. याच मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, बाग येथील खत्री छापकऱ्यांच्या कामात तुरटी आणि अलिझरीन यांच्या संयोगाने लाल रंग धाग्यातच पक्का होतो. हाताने चाचपून पाहिले तर कापड आणि नक्षी वेगळी लागत नाही. बागचे कापड हाताळलेल्या माणसाला जुन्या टी-शर्टवरील मुरलेली आणि थरावलेली छपाई बोटांनीच ओळखता येते.

जुने टी-शर्ट जमवणाऱ्या संग्राहकाच्या दृष्टीने या सर्व माहितीचा उपयोग काळ ठरवण्यासाठी होतो. अमेरिकी टी-शर्टांच्या बाहीची आणि खालच्या घेराची दुमड 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुधा एकेरी टिपेने शिवली जाई, पुढे सर्वत्र दुहेरी टीप आली. कपडा कसा धुवावा याची सूचना देणारे लेबल तेथे 1972 पासून सक्तीचे झाले. आणि रोटरवर कातलेले, काहीसे खरबरीत सूत 1967 नंतरच व्यापारी प्रमाणावर बाजारात आले. एकेरी टीप आज मुद्दाम घालून नवा माल जुना म्हणून विकता येतो, त्यामुळे शिवण, सूत, छपाई आणि लेबल या चौघांची साक्ष एकमेकांशी जुळते का, हे पाहावे लागते. भारतीय मालाला या खुणा पुरत नाहीत. त्याच्यासाठी इथल्याच खुणा वाचाव्या लागतात. लेबलवर सहा आकडी पिन कोड असेल तर तो कपडा 15 ऑगस्ट 1972 नंतरचा, आणि तो क्रमांक 462 ने सुरू होत असेल तर पत्ता भोपाळचा. मद्रासचे चेन्नई 1996 साली आणि इंग्रजी ‘कॅलकटा’चे ‘कोलकाता’ 2001 साली झाले, हेही लेबलवरच्या पत्त्यावरून काळाची सीमा आखायला उपयोगी पडते. बनियनच्या लेबलवर आजही दिसणारे 85, 90, 95 हे आकडे सेंटिमीटरांतले असून 1956 च्या कायद्याने आलेल्या दशमान पद्धतीची ती खूण आहे. त्यापूर्वी मापे इंचांत दिली जात.

अशा कपड्यांचा संग्रह करणे भारतात कठीण आहे, कारण इथे सुती कपडा क्वचितच म्हातारा होतो. थोरल्याचा धाकट्याला, मग घरकामाला येणाऱ्या बाईच्या मुलाला, मग बोहारणीच्या गाठोड्यात भांड्याच्या बदल्यात, आणि शेवटी फरशी पुसायला, अशी त्याची ठरलेली वाट असते. विणकापड पाणी चटकन शोषते, म्हणून या शेवटच्या कामासाठी गंजीफ्रॉकच पहिल्यांदा निवडला जातो. दुसरीकडे, परदेशांतील वापरलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांची निवड गुजरातेतील कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रात होते आणि माल पुन्हा बाहेर पाठवला जातो. त्यामुळे परक्या देशांचे जुने टी-शर्ट भारतीय कामगारांच्या हातांखालून जातात, पण भारताचे स्वतःचे जुने टी-शर्ट मात्र पोछ्यात संपतात. जे हाती लागतील ते टिकवण्याचे नियम कापडाच्या रचनेतूनच निघतात. फासांचे कापड स्वतःच्या वजनाने लोंबते, म्हणून ते हँगरला न अडकवता घडी घालून आडवे ठेवावे. छपाईवर इस्त्री फिरवू नये. आणि पावसाळ्याच्या दमट हवेत भुरी धरू नये, यासाठी मधूनमधून घड्या उलगडून वारा द्यावा.

साध्या, वापरलेल्या कपड्याला केवढे मोल असू शकते, हे भोपाळला कोणी नव्याने सांगावे लागत नाही. 1984 च्या वायू दुर्घटनेतून वाचलेल्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी 2014 च्या डिसेंबरात ‘रिमेंबर भोपाल’ हे संग्रहालय उभे केले, आणि तेथे पीडित कुटुंबांनी जपलेल्या नित्य वापरातील वस्तू, त्यांत कपडेही, पुरावा म्हणून ठेवले आहेत. त्या कपड्यांना बाजारभाव नाही. ते कोणाचे होते आणि दुर्घटनेच्या रात्री कुठे होते, ही माहिती सोबत आहे म्हणून ते बोलतात. टी-शर्टांचा संग्रह करणाऱ्यानेही यातून एवढे घ्यावे की, नोंदवहीत कंपनीचे नाव, माप आणि टिपेचा प्रकार यांच्या शेजारी कपडा कोणी वापरला, तो कुठून आला आणि त्या घरात त्याला काय म्हणत, हेही लिहिले जावे. शिवण आणि सूत शंभर वर्षांनीही भिंगाखाली वाचता येईल. परंतु भोपाळच्या एखाद्या सरकारी वसाहतीतल्या आजोबांनी त्याला ‘गंजीफ्रॉक’ म्हटले आणि नातवाने ‘बनियान’, ही गोष्ट कापडावर कुठेच उमटत नाही, आणि आज लिहून ठेवली नाही तर ती आजोबांबरोबरच जाईल.