वीस डॉलरचे नाणे आणि एक कागद

नाणे खणखणीत असले की झाले, असे आपण सहज बोलून जातो. पण सोने अस्सल, छाप सरकारी टांकसाळीची आणि तरीही जवळ बाळगणे बेकायदा, असेही नाणे असते बरे का! त्याची ही कथा.

अमेरिकेत दहा डॉलरच्या सुवर्णनाण्याला 'ईगल' म्हणत, म्हणून वीस डॉलरचे ते 'डबल ईगल'. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना आपली नाणी देखणी हवी होती. त्यांनी शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांना काम सांगितले. एका बाजूला मशाल घेऊन चालत येणारी स्वातंत्र्यदेवता, दुसऱ्या बाजूला झेपावणारा गरुड. १९०७ साली नाणे निघाले. त्याच वर्षी शिल्पकार वारले.

पुढे मंदीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एप्रिल १९३३ मध्ये लोकांकडचे सोने सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ४,४५,५०० डबल ईगल पाडली गेली, पण चलनात आलीच नाहीत. दोन संग्रहालयासाठी ठेवून बाकीची वितळवायची ठरली. तरी वीसेक नाणी बाहेर निसटली! माग निघाला तो इस्रायल स्विट नावाच्या सराफापर्यंत. सरकारने सापडतील ती जप्त केली.

एक मात्र इजिप्तच्या राजा फारूककडे पोचले. १९४४ मध्ये अमेरिकेच्याच अर्थखात्याने त्याला रीतसर निर्यात-परवाना दिला होता. राजाची गादी गेली, १९५४ मध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला आणि हे नाणे गायब झाले. १९९६ मध्ये न्यूयॉर्कला एका ब्रिटिश व्यापाऱ्याकडे एक डबल ईगल पकडले गेले. ते फारूकचेच मानले गेले आणि तो जुना परवाना कामी आला. तडजोड झाली. २००२ च्या लिलावात पंचाहत्तर लाख नव्वद हजार डॉलर आले, शिवाय वर वीस डॉलर! ते कशाला? तर नाणे अधिकृतपणे चलनात आणल्याची किंमत म्हणून. २०२१ मध्ये तेच नाणे सुमारे एक कोटी एकोणनव्वद लाख डॉलरला गेले. आत सोने किती? तोळा दहा ग्रॅमचा धरला तर जेमतेम तीन तोळे.

आता दुसरी बाजू पाहा. स्विटच्या मुलीला आणि नातवंडांना बँकेच्या लॉकरमध्ये अशीच दहा नाणी मिळाली. त्यांनी ती खरी आहेत का हे पाहायला टांकसाळीकडे दिली. टांकसाळीने खरी आहेत असे सांगितले आणि ठेवून घेतली! ही सरकारची चोरीला गेलेली मालमत्ता, असा निकाल २०११ मध्ये लागला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला.

कायद्याने ते बरोबरच असेल. सरकारी तिजोरीतला माल वारसाहक्काने आपला होत नाही. पण मग फारूकचे नाणे तरी त्याच वाटेने बाहेर आले होते ना? फरक एका कागदाचा. तो राजाकडे होता, सराफाच्या नातवंडांकडे नव्हता.

संग्राहक दुर्मिळतेला मोल देतात, हे खरे. इथे मात्र नाणे दुर्मिळ केले ते सरकारी हुकमाने आणि मौल्यवान केले तेही सरकारी सहीनेच. सोने बिचारे दोन्हीकडे तेच!

तुम्हाला काय वाटते? जरूर कळवा.